मास्तरांची काळी बिअर

चाळीस वर्षं बिअर करण्यात घालवलेल्या आमच्या मास्तरांना वास येत नसे. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात त्यांना फ्लू झाला. तो गेला आणि जाताना वास घेऊन गेला. जर्मनीत, बॉबलिंगेनच्या आमच्या इमारतीत ते तळमजल्यावर एकटे राहत. बिअरच्या कारखान्यातल्या मुख्य कारागिराला तिकडे ब्राउमायस्टर म्हणतात. आम्ही घरात त्याचं मास्तर करून टाकलं.

ओळख झाली ती फोडणीमुळे. नवरा सॉफ्टवेअर कंपनीत, मी दिवसभर घरी. जिन्यात हिंगाचा वास पसरला म्हणून मी ओशाळून माफी मागितली, तर मास्तर म्हणाले, "मला वासच येत नाही. कसा आहे, सांगता का?"

मी मोडक्या जर्मनमध्ये म्हटलं, "छान."

"छान हा काही वास नव्हे, फ्राउ देवधर."

मग तो नेमच झाला. बेकरीतला पाव, पेटीतली सफरचंदं, जिना पुसायचा नवा साबण, काहीही पुढे धरून ते विचारत. मी शब्द शोधत राही आणि ते डोळे मिटून ऐकत, एखाद्या दूरच्या गावाची हकीकत ऐकावी तसे. त्या वर्षी माझं बोलणं इतकं मन लावून ऐकणारं दुसरं कुणी नव्हतं.

फेब्रुवारीत त्यांनी मनातलं सांगितलं. तरुणपणी इंग्लंडमध्ये ते ओट्स घातलेली काळी बिअर प्यायले होते, ओटमील स्टाउट. कारखान्यात मात्र जन्मभर एकच फिकट रंगाची बिअर केली. "ती एकदा घरी करायची आहे. माल्टचा तयार अर्क नको, सगळी धान्यापासून. पण आता नाक नाही. तुमचं द्याल?"

आमच्या घरात दारूचा थेंब कधी आला नव्हता. नवऱ्याला विचारलं, तर तो हसला. "वासच घ्यायचाय ना? जा की."

घरी बिअर करायची तर तिकडे कस्टमला कळवावं लागतं, तसं रीतसर पत्र पाठवून मास्तरांनी तळघरात मोठं पातेलं चढवलं. जमिनीलगतच्या खिडकीबाहेर बर्फ साचला होता, त्यातून दुधाळ उजेड येत होता. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले, भरडलेले सातू, शिवाय काळे भाजलेले सातू आणि ओट्स गरम पाण्यात तासभर ठेवायचे, म्हणजे धान्यातली साखर पाण्यात उतरते. वाफेने भिंती पुसट झाल्या. पातेल्यात कुणी निजलंय अशा बेताने मास्तर हळू बोलत. "धान्याला घाई केलेली कळते," ते म्हणाले.

ऊब टिकावी म्हणून त्यांनी आच थोडी वाढवली. ते थर्मामीटर वाचत होते, तेवढ्यात मला खालून वास आला.

"अहो, करपतंय!" मी चक्क मराठीत ओरडले.

आवाजावरूनच ओळखून त्यांनी गॅस बंद केला. चिकट ओट्स बुडाला लागले होते. मास्तर स्टुलावर बसले. "चाळीस वर्षांत माझ्या हातून काही करपलं नाही," म्हणाले, "असो, ओतून द्या."

मी ऐकलं नाही. खीर लागली की घरी करते तेच केलं. बूड न खरवडता सगळं दुसऱ्या पातेल्यात काढलं आणि नाक खुपसून पाहिलं. "गेला वास. आता भाजलेल्या कॉफीचा येतोय." त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि पळी हातात घेतली.

गाळून, कडवटपणासाठी हॉप्सची फुलं घालून उकळून, गार करून त्यांनी त्यात यीस्ट घातलं. पुढचे दोन आठवडे मी रोज दुपारी वास घ्यायला खाली जाई. नंतर बाटल्या भरल्या. महिन्याभराने पहिली उघडली. मी चमचाभर चाखली, कडू, कोकोसारखी. मास्तरांनी घोट घेतला आणि तोंडात घोळवला. एवढं करून त्यांना काहीच कळलं नसेल?

"मऊ आहे," ते अखेर म्हणाले. "वास नाही. पण जिभेवरून जाते ती त्या इंग्लंडमधल्यासारखीच. ओट्सनी केलंय हे." आणि त्यांनी पेला पुन्हा तोंडाला लावला.

उन्हाळ्यात नवऱ्याचं प्रोजेक्ट संपलं आणि आम्ही पुण्याला परत निघालो. टॅक्सी दाराशी उभी होती. हस्तांदोलन करून मास्तर अवघडून उभे राहिले. मी नमस्काराला वाकले. त्यांना वाटलं, माझं काहीतरी पडलं. गुडघ्यावर हात टेकत तेही वाकले आणि फरशीवर शोधू लागले.

"काय पडलं?"

"काही नाही," मी म्हटलं आणि त्यांच्या बुटांना हात लावून घेतला.