आधी बघून येतो

लातूरच्या आमच्या तेल कारखान्यात पाण्याचे पंप सांभाळणारा एक माणूस आहे. येता-जाता तो पाइपाला कान लावतो आणि म्हणतो, "गळून राहिलंय कुठंतरी." आम्ही हसेपर्यंत तो पाना घेऊन निघालेला असतो, आणि गळती सापडतेच.

जेवढं पाणी वापरतो तेवढं जमिनीत मुरवायचं, म्हणून कारखान्यानं रेणापूरकडं एक तळं खोदलं. पावसाळ्यानंतर तळं भरल्याचा कागद साहेबांनी सह्यांसाठी फिरवला. मी न वाचताच सही केली. त्यानं केली नाही.

"बघून आलो साहेब. तळं कोरडं हाय. पाणी आत यायचं तोंड लई उंचावर ठेवलंय, पाणी बाजूनं निघून जातंय."

"तुम्ही तुमचे पंप बघा."

"तेच बघून राहिलो. जमिनीतून किती उपसतो, ते मलाच ठावं हाय."

मला माझ्या सहीची लाज वाटली. शेवटी साहेबांनीच कागद फाडला आणि विचारलं, "तोंड किती खाली घ्यायचं?"

यंदा तळं भरल्याचा निरोप आला. साहेबांनी नवा कागद पहिल्यांदा त्याच्याकडंच पाठवला.

"आधी बघून येतो," म्हणत त्यानं मोटारसायकलला किक मारली. या वेळी मीही मागं बसलो.