बसवलेली सुईण

चौसाळ्याच्या अलीकडच्या एका वाडीत बायनाबाई सुईण राहायची. पोटात आडवं बसलेलं मूल हात फिरवून सरळ करावं ते तिनंच. निजामाच्या अमलात सरकारी दवाखाना होता तो बीडला, दिवसभराच्या गाडीवाटेवर. आणि वाडीत धड गाडी एकच, मोहनराव देशमुखांची. तेव्हा गरिबाच्या बाईला बायनाबाई हाच दवाखाना.

पण मोठ्या घरांची एक रीत होती. सुनेला नववा लागला की सुईण आणून बसवायची. कळा लागल्यावर धावाधाव करायची ती गरिबांनी. बायनाबाई देशमुखांच्या गोठ्याच्या पडवीत बसायची, वरून टाकलेली भाकरी खायची आणि वाट बघायची. धडधाकट बाईला असं दिवसच्या दिवस नुसतं बसवून ठेवायचं, याला ते लोक खानदानी चाल म्हणत. आणि खरं सांगायचं तर बायनाबाईलाही त्याचा तोरा होता. 'देशमुखांनी बसवलंय मला,' असं ती चारचौघींत मिरवायची.

त्या वर्षी देशमुखांची सून जानकीबाई हिच्यासाठी बसून तिला सहा दिवस झाले होते. सकाळीच गहिनीनाथ आला, देशमुखांचाच सालगडी. त्याची बायको मंजुळा, पहिलटकरीण, पहाटेपासून कळा देत होती.

"मावशी, चला. लेकरू आडवं हाय म्हनती आई."

बायनाबाईनं अंगणात उभं राहून मोहनरावांना विचारलं. ते पान जुळवत होते.

"आन् हिकडं कळा लागल्या तर? कशापायी बसवलंय तुला? जायचं तर जा, पर पुन्ना या दारात पाय ठिवायचा न्हाई."

बायनाबाई बसली. गहिनीनाथाला म्हणाली, "कोमट तेल लावा, कुशीवर निजवा तिला. हिकडचं उरकलं की आलेच." उरकायला इकडं काही सुरू तरी झालं होतं! जानकीबाई आत आरामात पडली होती. बिचारीला यातलं काही ठाऊकही नव्हतं.

उन्हं डोक्यावर आली तेव्हा गहिनीनाथ धापा टाकत परत आला. "मावशी, लेकराचा हात भाइर आलाय."

सकाळी मूल वळलं असतं. आता वळणं अवघड होतं, हे बायनाबाईइतकं कोण जाणत होतं? ती कुणालाही न विचारता उठली आणि पळत सुटली.

खोपटात मंजुळा थंड पडत चालली होती. बायनाबाईनं जमेल ते सगळं केलं. मूल मेलेलंच निघालं आणि घटकाभरात आईही गेली.

गहिनीनाथ दारातच बसून होता. त्यानं विचारलं, "मावशी, मालकिणीला लागल्या का कळा?"

"न्हाई रे बाबा."

त्या लागल्या मंजुळा गेल्याच्या अकराव्या दिवशी. पाय ठेवू नको म्हणणाऱ्या मोहनरावांनीच बोलवायला माणूस पाठवला, आणि बायनाबाई गेली; त्या पोरीचा काय गुन्हा? पण पुन्हा म्हणून ती कुणाच्या दारात बसली नाही. बोलावणं ज्याचं आधी, त्याच्या घरी आधी. पुढच्या खेपेला देशमुखांनी तिचा सुगीचा वाटा बंद केला आणि धारूरकडची दुसरी सुईण आणून बसवली.

म्हातारपणी बायका तिची समजूत घालत, "मंजुळाला देशमुखांनी मारलं, तुमी न्हाई." देशमुखांचं पाप काही थोडं नव्हतं. पण बायनाबाई मान हलवायची.

"मला काय कुनी दावं लावलं नव्हतं गं," ती म्हणायची. "माझी मीच बसले."