बाहेरचं बंद

सुगंधाबाईचा आवाज असा, की तिसरी घंटा व्हायच्या आधीच मंडप गप्प व्हावा. चामोर्शीच्या आठवडी बाजारात ती पावशीपुढे, म्हणजे मोठ्या विळीपुढे, बसून मरळ मासा कापायला लागली की पार कांद्यांच्या ओळीतल्या गिऱ्हाइकालाही भाव ऐकू यायचा. झाडीपट्टीच्या रंगमंचावर ही बाई उभी राहिली असती, तर भलाभला खलनायक आपले संवाद विसरला असता. पण मंचावरची मारामारी खोटी असते, रक्त कुंकवाचं असतं. सुगंधाबाईच्या डाव्या भुवईवरचा आडवा व्रण खरा होता.

तो लेकीपायी मिळालेला. दिव्यानी लहान असताना तिला फिट यायच्या. डोळे पांढरे व्हायचे, तोंडाला फेस यायचा. गावातल्या शहाण्यांनी बसून ठरवलं, पोरीला बाहेरचं आहे. कोणाची तरी करणी, कोणाची तरी नजर, अंगात शिरलेलं परकं काहीतरी. आई तलावावर गेलेली पाहून त्यांनी मांत्रिक आणला.

सुगंधाबाई परतली तेव्हा अंगणात मिरच्यांचा धूर कोंडला होता. पोर खाटेला बांधलेली, आणि मांत्रिक ओल्या फोकाने तिच्या पाठीवर मारत विचारत होता, "कोनाची कोन तू? सांग." बाप सोमाजी हात जोडून उभा. सुगंधाबाईच्या खांद्यावर डोंग्याचं वल्हं होतं. तिने ते उगारलं. पहिल्या फटक्यात मांत्रिकाच्या खांद्याचं हाड मोडलं, त्याचा आवाज शेजारच्या घरात ऐकू गेला. त्याच्या सोबत्याने चुलीतलं जळतं लाकूड उपसून तिच्या तोंडावर हाणलं. एका डोळ्यात रक्त, एका डोळ्यात धूर, अशा अवस्थेत तिने पोरीच्या गाठी दातांनी सोडल्या, तिला पाठुंगळी घेतलं आणि रस्त्यावर आलेल्या पहिल्या ट्रकसमोर जाऊन उभी राहिली.

गडचिरोलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, ही मिरगी आहे, गोळी रोज घ्यायची, एक दिवसही चुकवायची नाही. तेव्हापासून गोळी चुकली नाही आणि फिट आली नाही. मात्र 'बाहेरचं' हा शब्द घरात कोणी उच्चारला की सुगंधाबाई हातातलं भांडं फेकून मारत असे. सोमाजीने एक तांब्या खाल्लाही होता.

गोळ्यांची सोय गावच्या मच्छीमार संस्थेच्या विम्यातून होती. चामोर्शीतला हरिदास मेडिकलवाला गोळ्या द्यायचा आणि पैसे परस्पर कंपनीकडून घ्यायचा. यंदा संस्थेने कंपनी बदलली. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, सभा भरली, तेव्हा सचिव गोपालने घाईघाईत सांगितलं, "नव्या विम्यात भरती झालं तर सारा खर्च भेटन. बाहेरचं मात्र बंद."

सगळ्यात आधी हात वर झाला तो सुगंधाबाईचा.

"बेस झालं गोपालभाऊ. बाहेरचं बंदच पायजे. ज्याले करायचं असन त्यानं सोताचा कोंबडा कापावा."

सभा खो खो हसली. हात भराभर वर गेले. ठराव इतका सहज मंजूर झालेला गोपालने कधी पाहिला नव्हता. लोक का हसले हे विचारायचं त्याला सुचलं नाही.

पुढचा महिना नेहमीसारखा गेला. त्यानंतरच्या एका बाजारच्या दिवशी घरातली शेवटची गोळी संपली होती. मासोळी विकून सुगंधाबाई दिव्यानीला घेऊन हरिदासच्या दुकानात गेली. डोक्यावरच्या टोपल्यात पोत्यात गुंडाळलेली पावशी होती. दुकानात बरीच गर्दी.

"बाई, आता पैसे लागतीन," हरिदास म्हणाला. "मागच्या महिन्याचं बिलही कंपनीनं परत धाडलं. तेही तुमच्यावरच आलं."

"काऊन? विमा हाय ना."

"विमा हाय, पण तुमच्या पोरीचं बाहेरचं हाय. बाहेरचं बसत नाई आता."

टोपलं खाली आलं.

"काय म्हनला? पुन्हा म्हन."

हरिदासला वाटलं, गर्दीत ऐकू गेलं नसेल. म्हणून तो मोठ्याने म्हणाला, "पोरीचं बाहेरचं हाय, बाई. मी काय करू?"

सुगंधाबाईने काउंटरवरून हात घालून त्याची गचांडी धरली आणि जाळं ओढावं तसा त्याला ओढला. काउंटरची काच त्याच्या छातीखाली फुटली. कपाळ कडेवर आपटलं, रक्ताची धार नाकावरून उतरली. तिने दुसऱ्यांदा आपटला. सिरपच्या बाटल्या धडाधड पडल्या, औषधाचा गोड वास रक्तात मिसळला.

"माह्या पोरीले भूत लावतं? भर बाजारात?"

गिऱ्हाइकं धावली. एकाने तिच्या पाठीत हेल्मेट घातलं, दुसऱ्याने केस धरून मागे खेचलं. ती काचेवर पडली, आणि तिचा उजवा हात कोणाच्या तरी बुटाखाली आला. बोटाचं हाड मोडलं. तिने डाव्या हाताने पोतं झटकलं. पावशीचं पातं चमकलं, तशी गर्दी भिंतीला चिकटली. हरिदास जमिनीवर, पातं त्याच्या गळ्यापासून हातभर.

"माय," दिव्यानीने तिचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. "माय, थांब. तो काय म्हनते ते तरी आयक."

"अवो बाई," हरिदास रक्त गिळत बोलला, "बाहेरचं म्हंजे दवाखान्याबाहेरचं. भरती न होता घरी नेलं ते औषध. भुताचं नाव कोनं घेतलं?"

पाळीवरचं ते हसू आणि सगळ्यांच्या आधी वर गेलेला आपला हात सुगंधाबाईला तिथेच आठवला. पातं हळूहळू खाली आलं.

"मंग गोपाल तसं काऊन नाई बोलला?" तिने विचारलं. त्या विचारण्यात पहिल्यांदाच तो बाजारभर ऐकू जाणारा आवाज नव्हता.

कोणीतरी म्हणालं, पोलिसांना बोलवा. हरिदास कपाळाला रुमाल दाबून उठला, पण त्याचं लक्ष दिव्यानीवर होतं. ही पोर फ्रॉकात होती तेव्हापासून तो तिला गोळ्या देत आला होता.

"आजची घेतली?"

"संपली, काका."

त्याने फुटक्या काचांतून चालत जाऊन पाकीट काढलं. "घे. हिशोब मंग पाहू. तुह्या मायले सांग, आधी ते पावशी झाक."

सुगंधाबाईच्याच आग्रहाने पुन्हा सभा भरली. ती हात प्लास्टरमध्ये घालून आली, हरिदास कपाळाला पट्टी बांधून.

"एकमतानं मंजूर झालं होतं, बाई," गोपाल म्हणाला. "पयला हात तुमचाच होता."

"होय. तोच खाली घेतो," ती म्हणाली. "काय मंजूर केलं ते ज्याले समजलं होतं, त्यानं आता हात वर करावा."

पाळीवर एकही हात हलला नाही.

मग ती हरिदासकडे वळली. "काच माही. ते मी भरतो, तुह्या टाक्यांचंही भरतो. पन गोळ्यांचं बिल माहं नाई. भुताले नाई म्हनलो होतो मी, पोरीच्या औषधाले नाई."

हरिदासने पट्टीवरून हात फिरवला. "मले मान्य हाय. संस्थेनं द्यावं."

ठराव रद्द झाला. कंपनीशी बोलून औषधं परत विम्यात येईपर्यंत बिल संस्थेने द्यायचं ठरलं. गोपालला ते सगळं, एकेक शब्द समजावत, दोनदा वाचून दाखवावं लागलं.

सुगंधाबाईचं ते बोट सरळ झालं नाही. मरळ कापताना ते एकटंच वर उभं असतं, अजून कशाला तरी मंजुरी देत असल्यासारखं. हरिदासच्या दुकानात नवी काच आली. बाजारच्या दिवशी एखादं परगावचं गिऱ्हाईक विचारतं, "बाहेरचं भेटते काय विम्यात?" तेव्हा हरिदास आधी रस्त्याकडे पाहतो, मग खालच्या आवाजात म्हणतो, "घरी न्यायचं औषध म्हना, भाऊ."