कितीही वेळा दाढी

त्याला सगळे सुसाट म्हणत. कात्री धरली की गिऱ्हाईक आरशात स्वतःला ओळखेपर्यंत काम उरकलेलं. दुकान रिकामं असलं की तो मोबाइलवर गाड्यांची शर्यत खेळायचा. ती शर्यत त्याच्या मोबाइलमध्ये नव्हतीच. ती कुठल्याशा कंपनीच्या दूरच्या संगणकावर पळायची आणि याला नुसतं चित्र यायचं. फुकट खेळायचं तर रांगेत थांबा, मध्येमध्ये जाहिराती पाहा. महिन्याची वर्गणी भरली की रांग नाही, जाहिरात नाही, कितीही वेळ खेळा.

सुसाटने वर्गणी भरली आणि खेळणंच सोडलं.

"फुकट होतं तेव्हा जेवण थंड होईपर्यंत रांगेत थांबायचात," बायको म्हणाली. "आता पैसे भरलेत तर ढुंकून बघत नाही. कंपनीला तुमच्यासारखीच माणसं हवीत."

टोमणा जिव्हारी लागायचा तो डोक्यात शिरला. भरणारे भरतात, येत कुणीच नाही! हे दुकानात का चालू नये?

पण दुकानात वर्गणी आणण्याचं खरं कारण वेगळंच होतं, आणि ते त्याने बायकोलाही सांगितलं नाही. समोर काचेच्या दाराचं, गार हवेचं नवं सलून झालं होतं आणि सुसाटचा थोरला भाऊ रोज दाढीला तिथे जात होता. डोक्यावर एक केस नाही, पण दाढीचा भारी शौक. वडिलांचा मोठा आरसा दुकानातच राहील, असं सुसाट म्हणाला, त्यावरून दोघांत वाजलं होतं. तेव्हापासून बोलणं बंद. बाकीची गिऱ्हाइकं गेली तेव्हा सुसाट नुसता चिडला होता. थोरल्याला त्या काचेच्या दारातून आत जाताना पाहिलं, त्या दिवशी मात्र त्याला जेवण गेलं नाही.

थोरला मुलखाचा चिकट. म्हणून सुसाटने समोरून वाचता येईल एवढ्या अक्षरांत पाटी लावली: महिन्याची वर्गणी, कितीही वेळा दाढी.

गल्ली लोटली. पण हे लोक मोबाइलवाल्यांसारखे सज्जन नव्हते. पैसे भरून घरी बसणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. पेपरवाला सकाळी दाढी करून जायचा आणि संध्याकाळी गाल चोळत पुन्हा हजर. शिंप्याच्या हनुवटीवर वस्तऱ्याला काही सापडेना, तरी तो म्हणे, "फिरव रे, पैसे भरलेत." बाकावर बसायला जागा नाही, सुसाटचा खांदा भरून आलेला. एकदा थोरला रस्ता ओलांडून दारापर्यंत आला, आतली गर्दी बघितली आणि नाक मुरडून परत फिरला.

सुसाटने कपाळावर हात मारला. ज्याच्यासाठी हा खटाटोप, त्यालाच बसायला जागा नाही. महिना संपला तशी त्याने सगळ्यांना हात जोडले आणि पाटी काढायला स्टुलावर चढला.

"काढतोस?" खालून आवाज आला. थोरला उभा होता, हातात घडी घातलेल्या नोटा. "मी आज भरायला आलो होतो."

"योजना बंद झाली, दादा."

"मग मी काय म्हणून येऊ?" थोरला चिडून म्हणाला, पण परत फिरला नाही.

सुसाट खाली उतरला. खोडी काही जाईना. "तुला फुकटची योजना आहे. पण जाहिराती ऐकाव्या लागतील."

"कुणाच्या?"

"माझ्याच. दाढी होईपर्यंत तोंड बंद ठेवणार नाही मी."

थोरला पुटपुटत खुर्चीत बसला. सुसाटने त्याच्या गालांना साबण फासला आणि इतक्या दिवसांची तुंबलेली बडबड सुरू केली. पहिल्यांदाच त्याचा हात सुसाट चालेना. थोरला ऐकत होता, पण नजर समोरच्या आरशावर.

"वाकडा टांगलायस," तो शेवटी म्हणाला. "बाबा असताना असा नव्हता."

"मला कधी सरळ जमलाच नाही, दादा."

थोरला साबणाच्या तोंडानेच उठला, दोन्ही हातांनी आरसा धरला आणि म्हणाला, "तू तिकडून धर."