आदल्या दिवशी कोण आलं होतं?

मालिनीकाकू जर्मनीत, बॉनला आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. शिरीषकाकांना जाऊन नऊ वर्षं झाली, मूलबाळ नाही. माझ्या तीन वर्षांच्या तनयाला किटातून, म्हणजे पाळणाघरातून, त्याच घेऊन यायच्या. आमच्या घराची किल्ली त्यांच्याकडे असायची. दिवसभर गप्प असणारी ही बाई तनयाशी मात्र अखंड बोलायची.

माझी पीएचडी सतराव्या शतकात इथे चेटकिणी ठरवून जाळलेल्या बायकांवर आहे. गारपिटीने द्राक्षं गेली, गाय आटली, मूल दगावलं, की कुणावर तरी खापर फोडायचं. मी वाचते त्या कागदांत तक्रार घेऊन आलेल्याला हटकून विचारलेलं असतं, "आदल्या दिवशी घरी कोण आलं होतं?" नाव निघतं एखाद्या एकट्या म्हातारीचं. मग छळ, मग कबुली, मग तिच्या तोंडून आणखी नावं.

"किती मूर्ख होती हो ही माणसं," मी चिडून काकूंना म्हणायचे.

"मूर्ख कसली, घाबरलेली असतील," काकू म्हणायच्या.

या फेब्रुवारीत तनयाला तिसऱ्यांदा ताप चढला. सासूबाईंनी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर विचारलं, "आदल्या दिवशी घरी कोण आलं होतं?"

"मालिनीकाकू. लाडू घेऊन," मी सांगून टाकलं.

"तरीच. आधी दृष्ट काढ."

प्रश्न ओळखीचा होता, तरी तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. पोरीचं अंग भाजत होतं. मी मीठ-मोहऱ्या-मिरच्या ओवाळल्या, चक्क काकूंचं नाव घेतलं आणि सगळं तापल्या तव्यावर टाकलं. धूर झाला, छतावरचा अलार्म कोकलू लागला. काकू घाबरून किल्लीने दार उघडत आत धावल्या. फोन चालूच होता.

"नीट जळू दे," सासूबाई सांगत होत्या, "आणि त्या मालिनीला आता पोरीजवळ फिरकू देऊ नकोस."

काकूंनी खिडक्या उघडल्या, खुर्चीवर चढून अलार्म बंद केला, तव्याकडे पाहिलं. किल्ली टेबलावर ठेवून त्या निघून गेल्या.

किटात सगळ्याच मुलांना ताप आहे, असं दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाल्या. मला स्वतःची लाज वाटली.

तनया बरी झाल्यावर तिला घेऊन माफी मागायला वर गेले. ती नेहमीसारखी काकूंना बिलगायला धावली. काकूंनी हात मागे घेतले.

"नको गं अरुंधती, घे तिला," त्या म्हणाल्या. "मलाही आता वाटतं, खरंच माझ्यामुळे होत असेल तर?"