सिनापातीच्या समुद्रकाकड्या

खडकांच्या रांगेआतलं आमच्या गावासमोरचं उथळ पाणी सिनापातीने चाळीस वर्षं तुडवलं. ओहोटी लागली की लुंगी गुडघ्यावर खोचून ती उतरायची, दगड उलटायची आणि खाली दडलेली समुद्रकाकडी, काकडीच्या आकाराचा तो मऊ जीव, हलक्या हाताने उचलायची. पोटाला नखाएवढी चीर, बोटाने आतडं बाहेर, ते खायला म्हणून बाटलीत; आणि काकडी परत त्याच दगडाखाली. जीव मारायचा नाही. चीर काही दिवसांत मिटते, आतडं मात्र सावकाश वाढतं. म्हणून तिने त्या पाण्याचे मनाशी चार भाग पाडले होते. एकात हात घातला की चार महिने तिकडे फिरकायची नाही.

मी तिची शेजारीण, मासेली. अलीकडे तिचे गुडघे सुजायचे, तेव्हा टोपली धरायला मी बरोबर जायचे. परतताना दर वेळी म्हणायची, "मासेली, पुरे झालं गं आता."

त्या वर्षी चर्चवर नवं छप्पर चढलं. पाद्रीबाई स्वतः दारात आल्या.

"सिनापाती, छपराच्या जेवणाला बाहेरगावचे पाहुणे येणार आहेत. वीस बाटल्या लागतील."

"आठ देईन, बाई."

"आठच?"

"एकच भाग तयार आहे. काठाजवळच्यांची आतडी पंधरा दिवसांपूर्वी काढलीत. त्यांच्या पोटात अजून काही नाही."

पाद्रीबाईंनी ते मान्य केलं, पण चर्चच्या समितीतल्या बायका कुठल्या ऐकायला!

"समुद्र हिने माहेरून आणलाय जणू!" एक म्हणाली.

"काकड्यांना रोज विचारते वाटतं, जेवलात का म्हणून!" दुसरीने टोला हाणला. सगळ्या खिदळल्या. त्यांत सिनापातीची सून एपेनेसाही होती. शहरातली मुलगी, गावात नवी. हसली नसती तर एकटी पडली असती.

शनिवारी सकाळी एपेनेसासकट सहाजणी काठाजवळच्या भागात उतरल्या. काकडी चिरली की आत नुसतं पाणी. मग चीर मोठी केली. तरी काही नाही. वैतागून त्यांनी काकड्या खडकावर तशाच टाकल्या नि घरी गेल्या.

दुपारी आम्ही दोघी गेलो तेव्हा उन्हात त्यांचा चिखल झाला होता. कातडी विरघळून दगडांवरून ओघळत होती. सिनापाती तिथेच बसली. मला वाटलं आता ही कडाडणार. ती एवढंच म्हणाली, "सुनेला बोलाव."

एपेनेसा आली ती रडतच. "आई, मला ठाऊक नव्हतं."

"रडू नकोस. ती घे, अजून हलतेय. बोट आत घाल. काय लागतं?"

"काही नाही... धाग्यासारखं काहीतरी."

"तेच आतडं. आता कुठे येतंय. तोवर ती खात नाही, अंगावरचंच खाऊन दिवस काढते. म्हणून बारकी झालीय. हा धागा ओढलात, की तिने सगळं पहिल्यापासून करायचं. एवढी ताकद कुठून आणणार?"

ओल्या सापटींत जिवंत राहिलेल्या काकड्या आम्ही संध्याकाळपर्यंत वेचल्या. सतरा मिळाल्या. एकेक सावलीच्या दगडाखाली ठेवताना सिनापातीला वाकणं जमेना, तेव्हा ती पाण्यात बसूनच पुढे सरकत राहिली.

"तुम्ही मला ओरडला का नाहीत?" एपेनेसाने विचारलं.

"ओरडायला अंगात बळ लागतं, पोरी. ते राहिलं नाही."

रविवारी पाहुण्यांपुढे सिनापातीच्या आठच बाटल्या गेल्या. कोणी कमी म्हटलं नाही. डुक्कर, नीरफणस, नारळाच्या रसातलं अळू एवढं होतं की दोन बाटल्या परत आल्या. पाद्रीबाईंनी ते पाहिलं. सोमवारच्या सभेत त्यांनीच काठाजवळचा भाग वर्षभर बंद करवला. सिनापाती त्या सभेला गेलीच नाही. झोपून होती.

त्यानंतर ती पाण्यात उतरली नाही. आता एपेनेसा जाते. पहिल्या दिवशी परत आली ती धावत. "आई, लांबच्या भागातल्या सगळ्या भरलेल्या निघाल्या!"

"बरं झालं," सिनापाती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. एपेनेसा ओल्या लुंगीनेच खाली बसून सासूचे गुडघे चोळू लागली.