छप्पर आधी

विमलाबाईंच्या तोंडाला रत्नागिरीतल्या चर्चची ती चाळीस घरांची मंडळी चांगलीच वचकून असे. नवरा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर. तो गेला, पुढे दवाखानाही बंद पडला, पण बाईंचा ताठा तसूभर कमी झाला नाही. "दवाखाना मिटला, तरी मिशननं माझी पेन्शन थांबवली नाही. शब्द म्हणजे शब्द!" हे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. दर एक तारखेला चर्चची घंटा वाजवणारा दादू पाकीट आणून देई. बाई दारातच नोटा मोजत आणि त्याला पायरीवरूनच वाटेला लावत.

२००१ साली त्या चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचकमिटीवर निवडून आल्या. कमिटीतली पहिली बाई! आता छपराचा प्रश्न धसास लावायचाच, असं त्यांनी ठरवून टाकलं. फुटक्या कौलांखाली बादल्या ठेवून तीन पावसाळे उपासना चालली होती, आणि दर वर्षी बजेटात छप्पर मागे पडत होतं. का, ते कोणी धड सांगत नव्हतं.

बैठकीत चर्चचे धर्मगुरू, पाळक देवदत्त यांनी बजेटचा कागद पुढे केला. बाईंनी चष्मा चढवला, लाल पेन्सिल काढली. यादीत सगळ्यात वर होतं, 'गरजूंना मदत. नाव गुप्त.'

"हे गुप्त गरजू कोण, ते तरी कळू दे!" बाई कडाडल्या. "आपल्या डोक्यावर पाणी गळतंय, नि फुकट्यांना पोसायचं आधी?"

"नाव नाही सांगता येणार, बाई," पाळक हळूच म्हणाले. बाकीचे पाचही जण टेबलाकडे बघत बसले.

"मग मतं घ्या. हे कलम खोडायचं, छप्पर आधी!" बाईंनी हात वर केला. दुसरा एकही हात वर गेला नाही.

"अहो, किती जातात ते तरी ऐका!" दुसऱ्या हाताने कागद उचलून त्यांनी मोठ्याने वाचलं, "दरमहा तीनशे चाळीस. जून १९९१ पासून..."

दवाखाना बंद पडला तो त्याच जूनमध्ये. आणि तीनशे चाळीस! शंभराच्या तीन, दहाच्या चार. बाईंच्या बोटांना त्या नोटा पाठ होत्या.

त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. दहा वर्षं? आणि या सगळ्यांना ठाऊक होतं? आपण मिशनचे गोडवे गात मिरवत होतो, तेव्हा ही माणसं मुकाट ऐकून घेत होती? छप्पर गळत होतं ते आपल्यापायी? धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं. हात मात्र वरच राहिला होता.

"बाई, हात खाली घ्या," पाळक म्हणाले. "विषय संपला."

"नाही." बाईंचा आवाज फाटला. "माझं मत तेच. लिहून घ्या."

पाळकांनी लिहून घेतलं. एक विरुद्ध सहा. कलम होतं तिथेच राहिलं.

एक तारखेला दादू आला. "बाई, मिशनची पेन्शन आली हां," तो नेहमीसारखंच म्हणाला, पण नजर पायरीवर. बाईंनी पाकीट घेतलं. मोजलं नाही.

"आत ये, दादू," त्या म्हणाल्या. "चहा टाकलाय."